ज्युपिटरमध्ये गृहपाठाचा सेल वेगळा दिसावा म्हणून

आमच्या कॉलेजात संध्याकाळी पायथॉनचा एक छोटा कोर्स चालतो, बीए-बीकॉमची पोरंपण येतात त्याला, आणि त्याच्या ज्युपिटर नोटबुक (एकाच फाइलीत मजकूर आणि चालणारा कोड, सेल नावाच्या डब्यांमध्ये) मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. कोड इंग्रजीतच, पण समजावणं, सूचना, प्रश्न सगळं मराठी. डेटा पावसाचा घेतला, कारण मुंबईत पावसाबद्दल कोणाला काही समजवावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, एवढं एक वाक्य टाकलं की वर्ग जागा होतो, ज्यांचा तेव्हा जन्मपण झाला नव्हता ती पोरंसुद्धा घरी ऐकलेल्या गोष्टी सांगायला लागतात.

नोटबुक लिहून झाली, डिपार्टमेंटच्या मॅडमना दाखवली, त्यांनी पाच मिनिटं वर-खाली स्क्रोल केलं आणि म्हणाल्या, "अगं सगळं एकसारखंच दिसतंय. यात वाचायचं काय, करायचं काय आणि घरी न्यायचं काय, हे मुलाला कळणार कसं?" बरोबर होतं त्यांचं. पाठ्यपुस्तकात कसं स्वाध्यायाला चौकट असते, "विचार करा"ला वेगळी पट्टी असते, तसं इथे काहीच नव्हतं, नुसती पांढऱ्यावर काळी ओळ आणि मधेमधे करड्या रंगाचे कोडचे डबे.

मग शोधाशोध सुरू झाली आणि पहिली गोष्ट कळली ती ही की ज्युपिटरमध्ये सेलचे प्रकार तीनच, कोड, मार्कडाउन (साध्या खुणांनी ठळक वगैरे करता येणारा मजकूर) आणि रॉ (जसाच्या तसा राहणारा). बस. "गृहपाठ" नावाचा सेल नाहीच. स्टाफरूममध्ये एक सीनियर सर आहेत, ते अजूनही मॅथेमॅटिका वापरतात, त्यांना हे सांगितलं तर ते खूशच झाले. मॅथेमॅटिका १९८८ पासूनची, नोटबुक ही कल्पनाच तिच्याबरोबर लोकांच्या हातात आली, आणि तिथे प्रत्येक सेलला स्टाइलचं नाव असतं, टायटल, सेक्शन, टेक्स्ट, इनपुट असं. ते नाव नुसतं नाव असतं, ते दिसणार कसं हे स्टाइलशीटमध्ये लिहिलेलं असतं. फॉरमॅट मेन्यूतून स्टाइलशीट उघडायची, सेक्शनचा फॉन्ट बदलायचा, अख्ख्या डॉक्युमेंटमधले सगळे सेक्शन एका दमात बदलतात, आणि नवीन स्टाइल हवी तर स्वतःचं नाव देऊन तिथेच बनवायची. सरांनी मला त्यांच्या लॅपटॉपवर अर्धा तास ते दाखवलं, चहा गार झाला. लायसन्सच्या किमतीचा विषय मी काढला नाही. पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की सेलवर रंग लावत बसायचं नाही, सेलला आधी नाव द्यायचं आणि रंगाचं काय ते त्या नावाला सांगायचं.

ज्युपिटरमध्ये लोक साधारण काय करतात, तर मार्कडाउन सेलमध्ये एचटीएमएलचा (वेबपानाच्या भाषेतला) डिव, म्हणजे एक चौकट, टाकतात आणि त्याला अलर्टचा क्लास, म्हणजे दिसणं ठरवणारं नाव, लावतात, मग निळा, पिवळा, हिरवा, लाल असे तयार चौकोन मिळतात. वाईट नाही ते, घाईत असाल तर तेवढ्यावर भागतं. फक्त डिवच्या टॅगनंतर एक रिकामी ओळ सोडायची, नाहीतर आतलं मार्कडाउन चालत नाही आणि ठळक करायला टाकलेल्या चांदण्या तशाच चांदण्या म्हणून दिसतात. पण माझी अडचण वेगळी होती. माझा गृहपाठ हा कोडचा सेल होता, वर एक कमेंट, "इथे तुमचा कोड लिहा", आणि खाली रिकामी जागा. कोड सेलला डिवमध्ये कसं गुंडाळणार? नाहीच गुंडाळता येत.

दुसरा उपाय म्हणजे नोटबुकच्या पहिल्याच सेलमध्ये दोन टक्केवारी चिन्हं आणि एचटीएमएल असं मॅजिक (ज्युपिटरची खास आज्ञा) लिहायचं आणि खाली स्टाइल टॅगमध्ये सगळं सीएसएस (पान दिसणार कसं हे सांगणारी भाषा) ओतायचं. (मार्कडाउन सेलमध्ये तोच स्टाइल टॅग टाकला तर ज्युपिटरलॅब (नोटबुक उघडायचा ज्युपिटरचा नवा प्रोग्राम) तो गाळून टाकते, सिक्युरिटीसाठी.) हे चालतं, छान चालतं, माझ्या मशीनवर. पोराने फाइल डाउनलोड करून उघडली की त्याच्या मशीनच्या दृष्टीने ती परकी नोटबुक, अनट्रस्टेड, त्यामुळे आधीचं सेव्ह झालेलं एचटीएमएल आउटपुट गाळून दाखवलं जातं आणि तो पहिला सेल रन करेपर्यंत सगळं पुन्हा पांढरं. पहिला सेल पोरं रन करत नाहीत. त्यांना वाटतं ते मॅडमचं काहीतरी आहे.

म्हणून मग कस्टम सीएसएसची फाइल. होम फोल्डरमध्ये डॉट ज्युपिटर नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यात कस्टम नावाचा फोल्डर आणि त्यात ही फाइल ठेवायची. ज्युपिटरच्या जुन्या, नोटबुक नावाच्याच प्रोग्राममध्ये ती आपोआप लागायची. ज्युपिटरलॅबला मात्र सुरू करताना सांगावं लागतं, कमांडच्या पुढे दोन डॅश आणि कस्टम-सीएसएस असं, नाहीतर फाइल तिथे आहे आणि काहीच होत नाही असं बघत बसावं लागतं. आता आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मशीनवर लॅब असिस्टंट दादांनी डेस्कटॉपवरच्या आयकॉनमध्येच ते टाकून ठेवलंय, त्यामुळे कोणाला लक्षात ठेवायची गरज नाही.

इथे एक सांगते, कारण यात खूप जणांचा वेळ जातो. नेटवर शोधलं की सीएसएसचे जे तयार तुकडे मिळतात त्यातले बरेचसे जुन्या नोटबुकचे आहेत. त्यात क्लासची नावं टेक्स्ट-सेल-रेंडर, इनपुट-एरिया अशी असतात. २०२३ मध्ये नोटबुक ७ आली ती ज्युपिटरलॅबच्याच सामानावर बांधलेली, आणि तिथे सगळ्या क्लासची नावं जेपी डॅशने सुरू होतात, जेपी-सेल, जेपी-कोडसेल, जेपी-मार्कडाउनसेल. जुना तुकडा नव्या नोटबुकमध्ये टाकला तर एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही, नुसती शांतता. सरळ ब्राउझरमध्ये सेलवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करायचं आणि समोर काय नाव दिसतंय ते घ्यायचं, हे कुठल्याही लेखापेक्षा भरवशाचं.

आता नाव देण्याचा प्रश्न. ज्युपिटरमध्ये सेलला टॅग (एचटीएमएलचा नव्हे, नुसतं लेबल) देता येतो, उजवीकडच्या पट्टीत गिअरचं चिन्ह आहे तिथे कॉमन टूल्समध्ये सेल टॅग्ज म्हणून जागा आहे. नोटबुकची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर दिसतं, प्रत्येक सेलचा एक महिरपी कंस, त्यात मेटाडेटाचा (सेलबद्दलच्या माहितीचा) आणखी एक महिरपी कंस आणि त्यात टॅग्जची यादी. मी टॅग मराठीतच दिले, "गृहपाठ", "उत्तर", "विचार करा", "पायऱ्या". सीएसएसला देवनागरी क्लास चालतो, त्याची काही तक्रार नसते. पण ज्युपिटरलॅबमध्ये टॅग दिला म्हणून सेलला तो क्लास लागत नाही, टॅग आपला मेटाडेटात गप्प पडून राहतो. त्यासाठी सेलटॅग्जक्लासेस नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन आहे, पिपने (पायथॉनची पॅकेजेस टाकायच्या सोयीने) टाकता येतं, ते टाकलं की प्रत्येक टॅगचा क्लास होतो आणि त्याच्या आधी सेल-टॅग डॅश लागतं. उलट एनबीकन्व्हर्टने (नोटबुकचं एचटीएमएल किंवा पीडीएफ करणाऱ्या टूलने) एचटीएमएल काढलं तर तिथे ते काम आयतंच होतं, एक्स्टेन्शन लागत नाही, पण तिथे नावाआधी सेलटॅग जोडून आणि मग अंडरस्कोअर. म्हणजे एकाच टॅगची दोन ठिकाणी दोन नावं, कोणी ठरवलं देव जाणे. सीएसएसमध्ये दोन्ही सिलेक्टर स्वल्पविराम देऊन एकाखाली एक लिहिले आणि विषय संपवला.

मराठी टॅगची मजा पुढे आहे. "गृहपाठ" पहिल्या फटक्यात लागला. "विचार करा" लागेना. कारण क्लासच्या नावात स्पेस आली की ब्राउझरच्या दृष्टीने ते दोन क्लास झाले, एक विचार आणि एक करा. स्पेस काढून मध्ये डॅश दिला, झालं. पण "पायऱ्या" ने जो छळ मांडला त्याला तोड नाही. काही सेलवर लागतो, काहींवर नाही. स्पेलिंग तेच, डोळ्याला काडीचा फरक नाही, कॉपी करून शेजारी शेजारी ठेवले तरी जुळे भाऊ. शेवटी पायथॉनमध्येच दोन्ही टॅगची लांबी काढून बघितली तर तीपण सारखीच, मग एकेक अक्षराचा युनिकोड नंबर (कॉम्प्युटर ते अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो तो) छापला तेव्हा पकडलं गेलं. आपला हा जो ऱ्या आहे ना, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली नुक्ता असलेला ऱ येतो आणि त्याला हलंत, दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि मग एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. काही सेल मी घरी टॅग केले होते, काही कॉलेजच्या पीसीवर. दिसायला एक, आतून वेगळे, आणि सीएसएस आतलं बघतं. लांबी कशी सारखी आली म्हणाल, तर एका मशीनवरच्या टॅगला शेवटी चुकून एक स्पेस चिकटली होती. मी तो टॅगच बदलून "हिंट" केला आणि मनावरचं ओझं उतरलं.

टॅग लागले, मग दिसण्याकडे वळले. पहिल्यांदा हेडिंग. ज्युपिटरलॅबच्या डिफॉल्टमध्ये हेडिंगची लाइन-हाइट (एका ओळीला मिळणारी उंची) १ आहे. रोमन लिपीला चालून जातं, तिला वर-खाली फारसं काही नसतं. माझं हेडिंग होतं "सांताक्रूझ आणि कुलाबा इथल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी", ते लॅपटॉपवर दोन ओळींत यायचं, आणि वरच्या ओळीतल्या कुलाब्याचा उकार खालच्या ओळीतल्या पर्जन्याच्या रफाराला जाऊन टेकायचा. मोठ्या ठळक अक्षरात हे भयंकर दिसतं. त्याचा उपाय एका ओळीचा आहे, जेपी-कन्टेन्ट-हेडिंग-लाइन-हाइट नावाचं व्हेरिएबल आहे ते १ वरून १.४ केलं. मराठीत नोटबुक लिहिणाऱ्या प्रत्येकाने बाकी काही नाही केलं तरी हे करावं, फार फरक पडतो. फॉन्टसाठी मुक्त घेतला, एक टाइप या मुंबईच्याच मंडळींचा, फुकट आहे, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत त्यामुळे "डेटाफ्रेम" रोमनमध्ये लिहिलं तरी मधेच आकार उडी मारत नाही.

रंगाची गोष्ट सांगायची तर मी हौसेने गृहपाठाला फिकट पिवळं बॅकग्राउंड दिलं होतं, हळदीकुंकवाच्या पत्रिकेसारखं. वर्गात अर्ध्या पोरांची ज्युपिटरलॅब डार्क थीमवर (काळ्या पार्श्वभूमीवर). डार्क थीममध्ये अक्षरं पांढरट होतात, बॅकग्राउंड माझं तेच पिवळं, म्हणजे पिवळ्यावर पांढरं, काही वाचता येईना. एक पोरगा मला विचारतो, मॅडम हा प्रश्न ऑप्शनला आहे का? सीएसएसमध्ये थेट रंगाचा कोड न लिहिता ज्युपिटरलॅबचीच रंगांची व्हेरिएबल्स वापरली की ती थीमबरोबर बदलतात, लेआउट-कलर, ब्रँड-कलर, वॉर्न-कलर अशी आहेत, ते केलं. मग झेरॉक्सचा मुद्दा आला. आमच्याकडे अजूनही नोट्स म्हणजे कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे ठेवलेला गठ्ठा. ब्राउझरमधून प्रिंट दिली की बॅकग्राउंडचे रंग डिफॉल्टनेच गाळले जातात, आणि नाही गाळले तरी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निळा, हिरवा, पिवळा सगळे एकाच घाणेरड्या करड्यात जमा.

म्हणून शेवटी बॅकग्राउंडचा नादच सोडला आणि सगळा भार डावीकडच्या रेघेवर टाकला. सेलच्या डाव्या बाजूला जाड बॉर्डर. गृहपाठाला सलग रेघ, विचार-कराला दुहेरी, हिंटला तुटक. बॉर्डर प्रिंटमध्ये गळत नाही, रंग गेला तरी सलग आणि दुहेरीतला फरक झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही कळतो. शिवाय सीएसएसच्या बिफोरने (सेलच्या आधी मजकूर उमटवायच्या सोयीने) रेघेच्या वर छोट्या अक्षरात "गृहपाठ" असा शब्द आपोआप उमटवला. प्रिंटसाठी वेगळा भाग लिहून त्यात ब्रेक-इनसाइड अव्हॉइड टाकलं, म्हणजे प्रश्न एका पानावर आणि त्याची कोडची जागा दुसऱ्या पानावर असं होत नाही. मॅडमना दाखवलं, त्यांनी यावेळी स्क्रोल न करता प्रिंटच मागितली, आणि पेन घेऊन "विचार करा"च्या एका सेलमध्ये प्रश्न बदलून दिला. प्रश्न होता की हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो, मग ते ९४४ मिमी टेबलात कुठल्या तारखेसमोर सापडतील? मी उत्तर खाली लगेच दिलं होतं. त्या म्हणाल्या, उत्तर लपव.

लपवणं हे टॅगचं सगळ्यात मोठं सुख निघालं, ते मी आधी धरलंच नव्हतं. एनबीकन्व्हर्टमध्ये टॅगरिमूव्हप्रीप्रोसेसर नावाची सोय आहे, तिला सांगायचं की "उत्तर" टॅगचे सेल काढून टाक. कमांड लाइनवर देवनागरी लिहिताना विंडोजचं काही सांगता येत नाही, म्हणून मी ते कॉन्फिगच्या फाइलमध्येच लिहून ठेवलंय. एकच नोटबुक, एकदा अशी चालवायची, मुलांची प्रत, एकदा टॅग न गाळता, आमची प्रत. आधीचे एक सर दोन वेगळ्या फाइली ठेवायचे आणि सेमिस्टरच्या शेवटी कुठली दुरुस्ती कुठल्या फाइलीत झाली याचा शोध लागायचा नाही. दोन डॅश आणि नो-प्रॉम्प्ट दिलं की बाजूचे चौकटी कंसातले नंबरपण जातात, प्रिंटमध्ये ते पोरांना उगाच प्रश्न क्रमांक वाटतात.

पीडीएफचं म्हणाल तर नेहमीचा रस्ता लाटेकमधून (पानं जुळवणाऱ्या एका प्रोग्राममधून) जातो, आणि तिथे देवनागरी फॉन्ट वेगळा लावला नाही तर मराठीच्या जागी रिकाम्या जागा किंवा चौकोन येतात. शिवाय तिथे माझं सीएसएस काही कामाचंच नाही. वेबपीडीएफ हा पर्याय घेतला, तो आतून क्रोमियम नावाचा ब्राउझर चालवून पान जसं दिसतं तसंच पीडीएफ करतो, फॉन्ट, रेघा, सगळं. फक्त क्रोमियम आधी डाउनलोड करून घ्यावं लागतं, आणि कॉलेजच्या नेटवर तसलं काही डाउनलोड होत नाही, त्यामुळे पीडीएफ काढायचं काम घरून.

एक गोष्ट सीएसएसच्या हातात नाही ती म्हणजे ग्राफवरची अक्षरं. ग्राफ म्हणजे चित्र. माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉनमध्ये ग्राफ काढायच्या लायब्ररीत) उभ्या अक्षावर "पाऊस, मिमी" लिहिलं तर पाऊस ठीक, पण मिमीमधली पहिली वेलांटी आपला म सोडून दुसऱ्या म ला जाऊन चिकटली, म्हणजे त्या बिचाऱ्याला दोन्ही बाजूंनी वेलांट्या आणि पहिला म बोडका. ते एकापुढे एक अक्षर ठेवत जातं, ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची असते हे त्याला ठाऊक नाही. बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) बदलून हे सुधारता येतं म्हणे, एमपीएलकैरो वापरून, पण दर मशीनवर ते बसवणार कोण. मी अक्षावर नुसते आकडे ठेवले आणि एकक खाली मार्कडाउनच्या कॅप्शनमध्ये लिहिलं, त्या सेलला "कॅप्शन" टॅग, मधोमध, थोडं बारीक अक्षर.

आणि कोलॅब, म्हणजे गूगलवर ब्राउझरमध्येच नोटबुक उघडायची सोय. निम्मी पोरं घरी लॅपटॉप नसल्यामुळे मोबाइलवर कोलॅबमध्ये उघडतात, विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणारीपण आहेत. तिथे माझी कस्टम फाइल पोचतच नाही, आणि स्टाइल टॅगचा उपायही नाही, कारण कोलॅब प्रत्येक आउटपुट वेगळ्या आयफ्रेममध्ये (पानातल्या वेगळ्या छोट्या पानात) कोंडून ठेवतो, त्यातली स्टाइल बाहेरच्या सेलपर्यंत जात नाही. तेव्हा सीएसएसने उमटवलेला "गृहपाठ" हा शब्द मी काढला आणि सेलमध्येच लिहिला, मार्कडाउन असेल तर ठळक, कोड असेल तर पहिल्या कमेंटमध्ये. रेघ दिसली तर उत्तम, नाही दिसली तरी पोराला काय करायचंय ते कळतं.

फाइल आता दोनशेएक ओळींची झालीये आणि इतर विषयांचे लोकपण मागायला लागलेत. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना "सूत्र" नावाचा टॅग हवाय, चौकटीसकट, मी त्यांना म्हटलं नाव एकाच कीबोर्डवरून टाइप करा आणि मध्ये स्पेस देऊ नका, चौकटीचं मी बघते.